प्लेट की फ्लॅप? टाळूच्या दुरुस्तीचा आढावा

शस्त्रक्रियेत वरचा जबडा किंवा टाळूचा भाग काढावा लागला, तर मागे राहणारे भगदाड कशाने बुजवायचे? या प्रश्नाची आज दोन मुख्य उत्तरे आहेत. पहिले जुने आहे. कवळीसारखी काढता-घालता येणारी प्लेट बनवायची आणि तिच्या वरच्या अंगाला भगदाडात नेमका बसेल असा फुगवटा ठेवायचा. दंतवैद्यकात हिला ऑब्च्युरेटर म्हणतात. रुग्ण आणि नातेवाईक ‘टाळूची प्लेट’ एवढेच म्हणतात. दुसरे उत्तर गेल्या चार दशकांत रुळले. पायाचे, हाताचे किंवा खांद्याचे मांस, आणि गरज पडल्यास हाडही, रक्तवाहिन्यांसकट उचलून तोंडात आणायचे आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचे. हा फ्लॅप. लोकांच्या मनात या दोहोंची उतरंड सहज तयार होते: फ्लॅप म्हणजे कायमचा इलाज, प्लेट म्हणजे परवडत नसणाऱ्यांची किंवा प्रकृतीने खचलेल्यांची तडजोड. उपलब्ध पुराव्याला मात्र ही उतरंड मान्य नाही. भगदाड टाळूच्या अर्ध्यापर्यंतच असेल आणि दुसऱ्या बाजूला धड दात असतील, तर प्लेट पहिल्या पसंतीची ठरू शकते. त्यापलीकडे तिची ताकद संपत जाते. निर्णय कोणत्याही बाजूने होवो, तो शस्त्रक्रियेच्या आधी आणि दंतवैद्याला सोबत घेऊन झाला की नाही, यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य फार मोठ्या प्रमाणात ठरते.

टाळू ही तोंड आणि नाक यांमधली भिंत आहे. तिचा पुढचा भाग हाडाचा, स्थिर; मागचा मृदू भाग स्नायूंचा. गिळताना आणि बोलताना हा मृदू टाळू वर उचलला जातो व नाकाची वाट बंद करतो. मराठीतली अनुनासिके सोडली तर बहुतेक व्यंजनांसाठी तोंडात हवेचा दाब धरावा लागतो. भिंतीला भोक पडले की तो दाब टिकत नाही, हवा नाकातून निसटते आणि आवाज गेंगाणा होतो. ‘ब’ हा ‘म’कडे झुकतो, ‘द’ हा ‘न’कडे. रुग्ण ‘बाबा’ म्हणतो आणि समोरच्याला ‘मामा’ ऐकू येते. ‘दादा’चे ‘नाना’ होते. ‘स’ आणि ‘श’ यांची तर नुसती फुसफुस उरते. प्यायलेले पाणी नाकातून बाहेर येते, स्ट्रॉने काही ओढून पिता येत नाही, चूळ भरता येत नाही. घासाचे कण वरच्या पोकळीत अडकून कुजतात व दुर्गंधी येते. हाडाचा आधार गेल्यामुळे गाल आणि वरचा ओठ आत ओढला जातो. चारचौघांत जेवणे आणि फोनवर बोलणे, ही दोन साधी कामे अशक्य झाली की माणूस घरात कोंडून घेतो. म्हणून कोणत्याही उपायाची परीक्षा घ्यायची ती या कसोट्यांवर: बोलणे कळते का, पाणी गळते का, चावता येते का, चेहरा सावरतो का. भोक दिसायचे बंद झाले, एवढ्यावर गुण देता येत नाहीत.

ही भगदाडे येतात कुठून? जन्मतः दुभंगलेला टाळू हा वेगळा विषय. तिथे बालवयातली शस्त्रक्रिया हाच मुख्य मार्ग आहे आणि कृत्रिम साधनांचे काम दूध पाजण्यासाठीची प्लेट, शस्त्रक्रियेआधी नाक व हिरड्यांना आकार देणारी प्लेट, किंवा उच्चारासाठी मागे जोडलेला गोळा एवढ्यापुरते उरले आहे. मोठ्या वयात टाळू जातो तो मुख्यतः कर्करोगाने, आणि त्यात तंबाखूचा वाटा ठळक आहे. आंध्रच्या किनारपट्टीवर पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याची रीत होती. गोव्यात धुमटीही काही लोक अशीच उलटी ओढत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने, फली मेहता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्या पुढाकाराने, १९६०च्या दशकापासून ग्रामीण भारतात घरोघर जाऊन तोंडे तपासली. उलट्या धूम्रपानाचा आणि टाळूच्या विकारांचा संबंध त्या कामातून स्पष्ट झाला. दुसरे मोठे कारण २०२१मध्ये एकदम पुढे आले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने देशात थैमान घातले. जुलै २०२१पर्यंत ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात आघाडीवर होते. या बुरशीने सायनसमधून वरच्या जबड्यात शिरून हाड मृत केले, आणि ते काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. कर्करोगाच्या रुग्णापेक्षा हा रुग्ण वेगळा आहे. त्याला किरणोत्सार दिलेला नसतो, आजार परतण्याची टांगती तलवार कालांतराने दूर होते, आणि वय तरुण असेल तर पुढची काही दशके त्याला या तोंडानिशी काढायची असतात. उलट, अनेकांचा जबडा दोन्ही बाजूंनी गेलेला असतो, दात उरलेले नसतात आणि सोबत मधुमेह असतो.

प्लेटची कल्पना किमान साडेचारशे वर्षे जुनी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज वैद्य आमातुस लुसितानुस आणि फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाज पारे यांनी टाळूच्या भोकावर बसवायच्या धातूच्या पत्र्याचे वर्णन केले. पत्र्याच्या वर स्पंजचा तुकडा असे. नाकातल्या ओलाव्याने तो फुगे आणि पत्रा अडकून राही. त्या काळी टाळूला भोक पडण्याचे एक मोठे कारण उपदंश हे होते. १७२८मध्ये पिएर फोशार यांनी आपल्या दंतवैद्यकावरील ग्रंथात स्पंजाऐवजी फिरकीने उघडणारे पंख सुचवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कडक केलेले रबर आले आणि प्लेट हलकी, घट्ट बसणारी झाली. विसाव्या शतकात १९३०च्या दशकानंतर रबराची जागा ॲक्रिलिकने घेतली. पदार्थ बदलत गेले तरी तत्त्व तेच राहिले. म्हणूनच प्लेट कधी जमते आणि कधी फसते, हे समजण्यासाठी इतिहासातली दोन प्रसिद्ध तोंडे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचे. अमेरिकेचे अध्यक्ष असताना, १ जुलै १८९३ रोजी, ‘ओनायडा’ या नौकेवर त्यांच्यावर गुप्तपणे शस्त्रक्रिया झाली. देशात आर्थिक संकट होते आणि अध्यक्षांना कर्करोग असल्याची बातमी फुटणे परवडणारे नव्हते. डाव्या वरच्या जबड्याचा बराच भाग तोंडातूनच, चेहऱ्यावर छेद न देता काढला. डोळ्याखालचे हाड शाबूत ठेवले. नंतर न्यूयॉर्कच्या कॅसन गिब्सन या दंतवैद्यांनी रबराची प्लेट बसवली. प्लेट काढली की त्यांचे बोलणे कळत नसे. घातली की आवाज इतका पूर्ववत होई, की ऑगस्टमध्ये एका पत्रकाराने दिलेली खरी बातमी लोकांना खोटी वाटली. शस्त्रक्रियेत सहभागी असलेले डॉ. कीन यांनी १९१७मध्ये सगळी हकीकत छापली तेव्हा ती सर्वमान्य झाली. क्लीव्हलंड १९०८पर्यंत जगले. दुसरे तोंड मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांचे. १९२३मध्ये व्हिएन्नात हान्स पिखलर यांनी त्यांचा उजवा वरचा जबडा, मृदू टाळूचा भाग आणि खालच्या जबड्याचाही हिस्सा काढला. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक छोट्या-मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, रेडियमचे उपचार झाले, आणि तोंड पुरेसे उघडेना. प्लेट घालणे-काढणे ही मोठीच झटापट होई आणि त्यात मुलगी ॲना मदत करी. घरात त्या प्लेटला राक्षस म्हणत. १९२८मध्ये बर्लिनच्या श्रोडर यांनी आणि १९३१मध्ये हार्वर्डच्या वाराझ्ताद कझांजियन यांनी नव्या प्लेट करून दिल्या. पहिल्या महायुद्धात छिन्नविच्छिन्न चेहरे सावरून कझांजियन यांनी नाव कमावले होते. तरी पूर्ण आराम कधीच पडला नाही.

दोन रुग्णांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण दोघांमधला फरक कारागिरांच्या कौशल्याने उलगडत नाही. फ्रॉइडना तर त्या काळातले उत्तमोत्तम हात लाभले होते. फरक होता तो भगदाडाच्या आकारात, मृदू टाळू गेला की राहिला यात, आणि तोंड किती उघडते यात. नेमके हेच घटक पुढे अनेक दशकांनी अभ्यासांतून ठळक झाले. १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील कॉर्नब्लिथ आणि सहकाऱ्यांनी प्लेट वापरणाऱ्या रुग्णांच्या जीवनमानाची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्ण मनाने किती सावरला याचा सर्वात भक्कम संबंध प्लेट नीट काम करते की नाही याच्याशी आढळला. आणि ती नीट काम करण्याची शक्यता सर्वाधिक केव्हा? मृदू टाळूचा एक-तृतीयांशपेक्षा आणि कठीण टाळूचा एक-चतुर्थांशपेक्षा जास्त भाग गेलेला नसेल तेव्हा. म्हणजे ‘प्लेट चांगली की वाईट’ हा प्रश्न मोघम विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या भगदाडासाठी, हे आधी सांगावे लागते.

प्लेटचा उपचार तीन टप्प्यांत होतो आणि पहिला टप्पा शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू व्हायला हवा. तोंडाचे माप घेऊन प्लास्टरचे मॉडेल करतात. शल्यविशारद त्यावर छेदाची रेषा आखतो, तंत्रज्ञ त्या रेषेपलीकडचे दात मॉडेलवरून कापून टाकतो आणि उरलेल्या भागावर ॲक्रिलिकची साधी प्लेट तयार करतो. जबडा काढल्यावर पोकळीत गॉज भरून ही प्लेट तारेने दातांना किंवा स्क्रूने हाडाला पक्की करतात. रुग्ण शुद्धीवर येतो तो झाकलेल्या टाळूनिशी. भगदाड स्वतःच्या जिभेने चाचपण्याचा पहिला धक्का टळतो, आणि तोंडाने पिणे-बोलणे लवकर सुरू होते. पाच ते दहा दिवसांनी ती काढून दुसऱ्या टप्प्याची प्लेट देतात. जखम आकसत असते, म्हणून तिच्या आतला मऊ थर वरचेवर बदलावा लागतो. साधारण तीन ते सहा महिन्यांनी, किरणोत्सार दिला असल्यास तो संपून तोंड निवल्यावर, कायमची प्लेट करतात: दातांना धरणारी कोबाल्ट-क्रोमची चौकट, त्यावर कृत्रिम दात, आणि वर पोकळ फुगवटा. फुगवट्याचे माप घेणे हे खरे कसबाचे काम. गरम करून मऊ केलेला पदार्थ पोकळीत ठेवून रुग्णाला मान दोन्ही बाजूंना वळवायला, जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवायला, तोंड मोठे उघडायला आणि गिळायला लावतात, म्हणजे आतले स्नायू आणि जबड्याचे टोक स्वतःच त्या पदार्थाला आकार देतात. मग पाण्याचा घोट देऊन आणि मोठ्याने वाचायला लावून गळती तपासतात. फुगवटा भरीव ठेवला तर वजनाने प्लेट खाली ओढली जाते, म्हणून तो आतून पोकळ करतात. वरून उघडा ठेवला तर त्यात शेंबूड साचतो. झाकण लावून बंद केला आणि सांधा चुकला तर ओल आत झिरपून वास मारतो. इतक्या बारीक गोष्टींवर रुग्णाचे रोजचे जगणे टांगलेले असते.

या प्लेटचे यांत्रिकी समजले की सगळी चर्चा उलगडते. नेहमीच्या कवळीखाली सगळीकडे हाड असते. इथे एका बाजूला पोकळी असते. घास चावला की ती बाजू वर दाबली जाते, तोंड उघडले की वजनाने खाली लोंबते, आणि भगदाडाजवळचा दात तरफेचा टेकू बनून हे हेलकावे सोसतो. १९७८मध्ये मोहम्मद अरामनी यांनी दात असलेल्या रुग्णांतील भगदाडांचे सहा वर्ग पाडले, ते याच हिशोबाने: किती दात उरले, कुठे उरले, आणि प्लेट कशाभोवती डोलणार. पुढचे दात वाचवता आले तर तरफ खूपच आखूड होते. त्यामुळे प्लेटचे भवितव्य प्रयोगशाळेइतकेच शस्त्रक्रियागृहात ठरते. दोन दातांच्या मधून करवत चालवली तर उरलेल्या दाताचे हाड जाते आणि तो काही महिन्यांत हलू लागतो. त्याऐवजी एक दात काढून त्याच्या खोबणीतून छेद घेतला तर शेजारचा दात मजबूत राहतो. पोकळीच्या भिंतीवर त्वचेचा पातळ तुकडा लावला तर ती कमी आकसते, आणि त्वचा व गालाचे अस्तर जुळते तिथे व्रणाचा जो पट्टा तयार होतो, त्यावर फुगवट्याला पकड मिळते. टाळूच्या कापलेल्या कडेवर अस्तर वळवून घेतले तर प्लेट तिथे टोचत नाही. यातल्या कोणत्याही गोष्टीला वेगळे यंत्र लागत नाही. आधी विचार झालेला असावा लागतो. हा विचार न होता शस्त्रक्रिया झाली आणि रुग्ण दोन महिन्यांनी दंतवैद्याकडे आला, तर तिथे फसणारी प्लेट ही प्लेटच्या पद्धतीची हार म्हणून मोजणे अन्यायाचे आहे.

प्लेटवरचे आक्षेप तरीही गंभीर आहेत आणि ते झटकून टाकता येत नाहीत. ती रोज काढून धुवावी लागते, पोकळी स्वच्छ ठेवावी लागते. ज्याचे हात कापतात, नजर अधू आहे किंवा मदतीला कोणी नाही, त्याला हे जड जाते. किरणोत्साराने लाळ आटली तर कोरड्या अस्तराला ॲक्रिलिक घासते. जबडा आखडला तर प्लेट आतच जात नाही, आणि मग ती दोन तुकड्यांत करून चुंबकाने जोडावी लागते. मऊ थरांवर बुरशी वाढते. तोंड बदलत राहते, म्हणून दर काही वर्षांनी प्लेट दुरुस्त किंवा नवी करावी लागते. दात अजिबात नसतील आणि अर्ध्याहून अधिक टाळू गेला असेल, तर तिला धरायला काहीच उरत नाही. डोळ्याखालचे हाड गेले असेल तर डोळ्याला आधार देणे प्लेटच्या आवाक्याबाहेर असते. या सगळ्याशिवाय मनाचा भाग आहे: रात्री प्लेट काढली की आपण कोण आहोत हे रोज नव्याने दिसते. कायमची बंद झालेली भिंत हवी, ही रुग्णाची इच्छा कोणत्याही वर्गीकरणाने खोडता येत नाही.

मग फ्लॅप का नको? अनेकांना तो हवाच. पायातले फिब्युला हाड रक्तवाहिनीसकट हलवता येते हे १९७५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इयन टेलर यांनी दाखवले. मनगटाजवळची पातळ त्वचा, खांद्याच्या फऱ्याचे टोक, कमरेचे हाड असे पर्याय नंतर हाताशी आले. लिव्हरपूलचे जेम्स ब्राउन आणि रिचर्ड शॉ यांनी २०१०मध्ये मांडलेली वर्गवारी भगदाड वर किती गेले आहे आणि आडवे किती पसरले आहे, अशा दोन अंगांनी मोजते. डोळ्याच्या खोबणीपर्यंत किंवा नाकाच्या हाडापर्यंत पोहोचलेल्या भगदाडात हाडासह फ्लॅपच योग्य, हा तिचा रोख. खालच्या पातळीवर, अर्ध्या टाळूच्या आत असलेल्या भगदाडात प्लेटला जागा आहे, हेही तीच सांगते. ‘एकदा फ्लॅप केला की काम संपले’ ही समजूत मात्र खोटी आहे. फ्लॅपमुळे तोंड आणि नाक वेगळे होतात, पण दात येत नाहीत. नुसत्या मांसाचा जाड फ्लॅप तोंडात लोंबत राहिला तर त्यावर कवळीही बसत नाही. गिळणे-बोलणे सुधारते आणि चावणे कायमचे जाते. हाडासह फ्लॅप केला तर त्यात इम्प्लांट (हाडात रोवायचे खुंट) बसवून पक्के दात देता येतात, पण त्यासाठी आणखी शस्त्रक्रिया, वेळ आणि पैसा लागतो. मूळ शस्त्रक्रिया कित्येक तासांची, अतिदक्षता विभागात मुक्काम, पायावर किंवा हातावर दुसरी जखम, आणि जोडलेली रक्तवाहिनी गोठली तर सगळा फ्लॅप गमावण्याचा धोका. मृदू टाळूच्या बाबतीत तर फ्लॅपची एक मूलभूत मर्यादा आहे: आणलेले मांस हलत नाही. तिथे मागच्या पोकळीत नेमका बसवलेला उच्चाराचा गोळा, ज्याच्याभोवती घशाचे उरलेले स्नायू आवळतात, काही वेळा अधिक स्वच्छ उच्चार देतो.

दोन्ही पद्धतींची थेट तुलना करणारे पुरावे कमकुवत आहेत. लिव्हरपूलमध्येच सायमन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये प्लेटवाल्या आणि फ्लॅपवाल्या रुग्णांच्या जीवनमानाची तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. पण गट लहान होते. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. शिवाय चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटण्याची सोय इथे नाही. मोठे भगदाड फ्लॅपकडे जाते, लहान प्लेटकडे, आणि मग निकालात पद्धतीचा वाटा किती व भगदाडाचा किती हे वेगळे काढणे अवघड होते. या पुराव्यावरून फ्लॅप सरसकट श्रेष्ठ असे म्हणता येत नाही, तसेच प्लेट सरसकट पुरेशी असेही म्हणता येत नाही. प्लेटच्या समर्थकांचा एक लाडका युक्तिवादही इथेच तपासायला हवा. प्लेट काढून पोकळी डोळ्यांनी पाहता येते, म्हणून परतलेला कर्करोग लवकर सापडतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. सीटी, एमआरआय, पेट स्कॅन आणि नाकातून घालायची दुर्बीण हाताशी असताना या युक्तिवादाचे वजन बरेच घटले आहे. पण जिथे रुग्णाला दर काही महिन्यांनी एमआरआय परवडत नाही, तिथे टॉर्च आणि आरसा घेऊन दोन मिनिटांत होणारी तपासणी अजूनही मोलाची आहे. युक्तिवाद तोच, पण त्याचे वजन ठिकाणानुसार बदलते.

प्लेट आणि फ्लॅप यांमधली भिंत गेल्या काही वर्षांत पडूही लागली आहे. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे ओळखून १९६५मध्ये पहिल्या रुग्णाला दातांचे इम्प्लांट बसवले. पुढे त्यांनीच गालफडाच्या हाडात रुतणारे, ३० ते ५० मिलिमीटर लांबीचे झायगोमॅटिक इम्प्लांट विकसित केले. वरचा जबडा गेला तरी गालफडाचे हाड बहुधा राहते, आणि त्यात रोवलेल्या खुंटांवर प्लेट पक्की बसते. दात नसलेल्या रुग्णाला याचा सर्वात मोठा फायदा. लिव्हरपूलच्या ख्रिस बटरवर्थ आणि रॉजर्स यांनी २०१७मध्ये यापुढचे पाऊल मांडले: कर्करोग काढतानाच झायगोमॅटिक इम्प्लांट रोवायचे, भगदाड पातळ फ्लॅपने मिटवायचे, इम्प्लांट त्या फ्लॅपमधून आरपार बाहेर काढायचे, आणि थोड्याच आठवड्यांत, किरणोत्साराच्या आधी, त्यावर पक्के दात द्यायचे. भिंत फ्लॅपची, चावणे कृत्रिम दातांचे. कल्पना प्रभावी आहे, पण ती सर्वांना लागू पडेल असे नाही. किरणोत्सार झालेल्या हाडात इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते, आणि म्युकरमध्ये बुरशी गालफडापर्यंत गेली असेल तर आधारच उरत नाही. त्रिमितीय छपाईबद्दलही असाच संयम हवा. सीटी स्कॅनवरून भगदाडाचे मॉडेल छापता येते, आखडलेल्या तोंडात मापाचा पदार्थ न घालता स्कॅनरने माप घेता येते, कापण्याचे मार्गदर्शक साचे आधी बनवता येतात. हे सगळे उपयोगाचे आहे. पण स्कॅन स्थिर तोंडाचे चित्र देतो. गिळताना आणि मान वळवताना आत काय हलते, ते अजूनही खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या हालचालींवरूनच कळते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर अडचण तंत्रज्ञानाच्या अभावाची कमी आणि साखळी तुटण्याची जास्त आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये दंत व कृत्रिम अवयव विभाग कर्करोग विभागांच्या शेजारीच काम करतो. मुंबई-नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि नायर दंत महाविद्यालयात कवळीशास्त्राचे पदव्युत्तर विभाग आहेत. पण शस्त्रक्रिया एका रुग्णालयात, किरणोत्सार दुसऱ्या शहरात आणि प्लेट तिसरीकडे, असे झाले की मधल्या टप्प्याची प्लेट राहूनच जाते, आणि तोवर गाल आकसून बसतो, जबडा आखडतो. प्लेटला कारखान्याचे महागडे यंत्र लागत नाही; लागतो तो जाणकार दंतवैद्य, चांगला तंत्रज्ञ, तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करून घेणारे कोणीतरी, आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या दुरुस्त्या. म्हणून सरकारी योजनेच्या किंवा विम्याच्या पॅकेजमध्ये जबडा काढण्याच्या शस्त्रक्रियेबरोबरच तिन्ही टप्प्यांच्या प्लेट आणि पुढच्या दुरुस्त्या गृहीत धरायला हव्यात. भगदाड पाडण्याचा खर्च देऊन बुजवण्याचा न देणे हा अर्धा उपचार आहे. यावर आक्षेप असा येईल, की अशाने गरिबांना प्लेट आणि श्रीमंतांना फ्लॅप हा भेद पक्का होईल. भीती रास्त आहे, पण तिचे उत्तर प्लेट नाकारणे हे नाही. मोठ्या भगदाडाच्या गरीब रुग्णाला फ्लॅप मिळालाच पाहिजे. आणि लहान भगदाड व भक्कम दात असलेल्या श्रीमंतालाही प्लेट हा सन्मानाने दिलेला पर्याय वाटला पाहिजे. भेद पैशावर पडू नये, भगदाडावर पडावा.

हाती असलेल्या पुराव्यावरून निवडीचा ढोबळ क्रम असा लावता येतो. टाळूचे भगदाड खालच्या पातळीवर, अर्ध्याच्या आत, आणि दुसऱ्या बाजूला भक्कम दात: आधी प्लेटचा विचार, रुग्णाची इच्छा वेगळी असल्यास फ्लॅप. दात नाहीत पण गालफड शाबूत: इम्प्लांटच्या आधारावर प्लेट, किंवा फ्लॅप आणि इम्प्लांट दोन्ही. भगदाड अर्ध्याहून मोठे, डोळ्याच्या किंवा नाकाच्या हाडापर्यंत गेलेले: हाडासह फ्लॅप, आणि त्यावर दात कसे येणार याची योजना त्याच दिवशी. मृदू टाळू गेलेला: उच्चाराचा गोळा विसरू नये. म्युकरमधून बरा झालेला तरुण रुग्ण: घाई न करता, आधी प्लेटवर स्थिर करून, बुरशी निश्चित गेल्यावर कायमच्या दुरुस्तीचा विचार. आणि या प्रत्येक ओळीच्या आधी एक अट. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी रुग्णाच्या नातेवाइकांनी तीन प्रश्न विचारावेत: दंतवैद्याने तोंडाचे माप घेतले का, कोणते दात वाचवणार आहात, आणि पहिली प्लेट त्याच टेबलावर बसणार का. या तिन्हींची उत्तरे ज्या रुग्णालयात तयार असतात, तिथे प्लेट आणि फ्लॅप यांतला वाद आपोआप निवळतो, कारण तिथे निर्णय भगदाड पडल्यावर नव्हे, पडण्याच्या आधी झालेला असतो.